पदवीनंतरची वाट आणि वाटाड्या

विद्यापीठाचे निकाल बाहेर पडले कीं साताऱ्याच्या व सांगलीच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो : "आतां पुढें काय ?" हा प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात, आणि त्याचें उत्तर देणारेहि कांहीं कमी नसतात. मामा सांगतो, शिक्षकाचा पेशा बरा. शेजारी सांगतो, पुण्यास जाऊन स्पर्धा-परीक्षेचा अभ्यास करावा. मित्र सांगतो, संगणकाचा एखादा अभ्यासक्रम पुरा करावा. इतका उपदेश मिळूनहि मुलगा जेथल्या तेथेंच उभा राहतो. कारण त्याला जें हवें असतें तें उपदेशाहून निराळें असतें. स्वतःची पारख, कामाची खरी माहिती, आणि हातीं असलेल्या वेळेचा व पैशाचा हिशेब, या तीन गोष्टी त्याला एकत्र हव्या असतात. त्या एकत्र करून देणें हेंच व्यवसाय-मार्गदर्शकाचें काम होय. महाविद्यालयांतून हें काम आतां रूढ होत आहे. परंतु तें नेमकें काय आहे, आणि काय नाहीं, याविषयीं सुशिक्षित कुटुंबांतहि बराच गैरसमज आढळतो.

असा वाटाड्या पूर्वीं नव्हता असें मात्र नव्हे. तो नात्यागोत्यांतच असे. फक्त त्यास हें नांव नव्हतें. सांगली जिल्ह्यांतील खानापूर व आटपाडी या अवर्षणाच्या तालुक्यांतील तरुण सोनें-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यांत शिरले आणि देशभर दूरदूरच्या शहरांत जाऊन राहिले. एक भाऊ गेला, त्यानें दुसऱ्यास नेलें, दुसऱ्यानें मेहुण्यास बोलाविलें. भट्टी कशी राखावी, दुकान कोणत्या पेठेंत मांडावें, उधारी कोणास द्यावी, हें सारें ज्ञान या साखळीनें पुढें गेलें. साताऱ्याकडील पाटण व जावळी या डोंगरी भागांतील माणसें मुंबईच्या बाजारांत ओझीं वाहण्याच्या माथाडी कामास गेलीं, तींहि याच रीतीनें : आधीं गांवकऱ्यांच्या खोलींत पथारी, मग काम. पाटण तालुक्यांतूनच आलेल्या अण्णासाहेब पाटलांनीं या कामकऱ्यांस संघटित केलें, आणि १९६९ सालीं त्यांच्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला. सातारा तालुक्यांतील अपशिंगे या गांवांत तर सैन्यांत कसें शिरावें हें बाहेर जाऊन विचारावें लागत नाहीं. पिढ्यान् पिढ्या सैनिक देणाऱ्या त्या गांवांत तें शिक्षण अंगणांतच मिळतें.

या जुन्या रीतींत एक मोठा गुण होता. सल्ला देणारा स्वतः तें काम करून आलेला असे, आणि सल्ला चुकला तर त्याची झळ त्याच्याहि घरास लागत असे. पण तिला एक मर्यादाहि होती. जें काम नात्यांतील कोणींच केलेलें नाहीं, तें काम मुलाच्या दृष्टीस पडतच नसे. आज एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी कुळांतील पहिली पदवी घेऊन घरीं येते, तेव्हां ही मर्यादा एकाएकीं उघडी पडते. चुलत्याला मुंबईचा बाजार ठाऊक असतो, आजोबांना पलटणीचे नियम पाठ असतात. परंतु रसायनशाळेंत, विम्याच्या कचेरींत किंवा संख्याशास्त्राच्या कामांत दिवसभर काय करावें लागतें, हें त्या घरांत कोणासच सांगतां येत नाहीं. पदवीधराचें शिक्षण वाढलेलें असतें. त्याच्या नात्याचें ज्ञान मात्र कॉलेजच्या फाटकाशीं संपतें. त्या घरांत नसलेला हा जाणता नातेवाईक, तीच खरी व्यवसाय-मार्गदर्शकाची जागा होय.

या कामास शास्त्राचें रूप येऊन शंभरांहून अधिक वर्षें झालीं आहेत. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १९०८ सालीं फ्रँक पार्सन्स यांनीं तरुणांस धंद्याची निवड करण्यास साह्य करणारें एक कार्यालय उघडलें. त्याच वर्षीं ते वारले, आणि त्यांचें या विषयावरील पुस्तक पुढील वर्षीं प्रसिद्ध झालें. त्यांचा सिद्धान्त साधा आहे : माणसानें प्रथम स्वतःस ओळखावें, नंतर निरनिराळ्या धंद्यांच्या अटी, लाभ व अडचणी समजून घ्याव्या, आणि शेवटीं या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. आपल्या देशांत कलकत्ता विद्यापीठानें १९३८ सालीं मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेस जोडून या कामास आरंभ केला. मुंबईंत १९४१ सालीं बाटलीबॉय यांच्या नांवाचें मार्गदर्शन-केंद्र निघालें, आणि १९५० सालीं मुंबई सरकारनें आपलें स्वतःचें केंद्र सुरू केलें.

इकडे कृष्णाकांठीं शिक्षणाच्या सोयी झपाट्यानें वाढत होत्या. सांगलीस विलिंग्डन कॉलेज १९१९ सालीं निघालें. पुढें वालचंद यांच्या नांवानें प्रसिद्ध झालेलें अभियांत्रिकी महाविद्यालय तेथेंच १९४७ सालीं सुरू झालें. १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें. आणि २०२१ सालीं साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नांवाचें निराळें विद्यापीठ झालें. पदवी अशी घराजवळ आली. तिचें करावयाचें काय, याचें ज्ञान मात्र त्याच वेगानें जवळ आलें नाहीं.

पार्सन्स यांच्या सिद्धान्ताचीं उदाहरणें शोधण्यास बोस्टनला जाण्याचें कारण नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांस चित्रकलेची आवड होती, म्हणून १८८५ सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. तेथें असें आढळून आलें कीं, रंगांतील कांहीं भेद त्यांच्या डोळ्यांस नीट कळत नाहींत. चित्रकार होऊं इच्छिणाऱ्या तरुणास याहून मोठा आघात कोणता ? परंतु त्यांचा हात रेषेवर पक्का होता. त्यांनीं रंग सोडला आणि यंत्रांचे आराखडे काढण्याची विद्या धरली. त्याच विद्येच्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. हक्काची बढती नाकारली गेल्यावर नोकरी सोडून बेळगांवीं धंद्यास लागले. आणि १९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या कुंडलजवळील ओसाड माळावर त्यांनीं कारखाना व वसाहत उभारली. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे. या चरित्रांतील मर्म ध्यानीं घेण्याजोगें आहे. "चित्रकला जमणार नाहीं" एवढें सांगून थांबणारे पुष्कळ असतात. चित्रकलेंतील कोणता भाग जमत नाहीं, आणि कोणता उत्तम जमतो, हें वेगवेगळें करून पाहणें हें मार्गदर्शकाचें काम. आवड ही बहुधा अनेक धाग्यांची दोरी असते. एक धागा तुटला म्हणून सारी दोरी टाकून देण्याचें कारण नसतें.

दुसरें उदाहरण भाऊराव पाटील यांचें. विद्यार्थिदशेंत त्यांनीं कोणतीहि पदवी मिळविली नव्हती. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे फिरते विक्रेते म्हणून त्यांनीं काम केलें, आणि पुढें साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्याशींहि त्यांचा संबंध आला. नांगर विकणारा मनुष्य खेड्याखेड्यांतून हिंडतो, शेतकऱ्याच्या ओट्यावर बसतो, त्याची कमाई व त्याचें कर्ज जाणतो. रयतेच्या मुलांचें शिक्षण कोठें अडतें, हें ज्यास जवळून पाहावयाचें असेल त्यास याहून चांगली शाळा मिळणार नाहीं. १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ सालीं ती साताऱ्यास आली. तेथील छत्रपति शाहू बोर्डिंगांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत, स्वतः कष्ट करीत आणि शिकत. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी महाविद्यालय निघालें, तेव्हां 'कमवा आणि शिका' हें तत्त्व कॉलेजच्या शिक्षणासहि लागू झालें.

या योजनेकडे लोक बहुधा गरिबांची सोय म्हणून पाहतात. ती सोय तर खरीच. परंतु तिच्यांत धंद्याच्या निवडीची एक उत्तम युक्तीहि दडलेली आहे. जो विद्यार्थी शिकत असतांनाच शेतांत, ग्रंथालयांत, छापखान्यांत किंवा हिशेबाच्या टेबलाशीं रोज दोन तास काम करतो, त्याला पदवी हातीं पडण्यापूर्वींच स्वतःविषयीं पुष्कळ कळलेलें असतें. एकट्यानें करावयाचें काम आपणांस मानवतें कीं चारचौघांत मिसळून करावयाचें, हातानें करावयाचें कीं लिहिण्याचें, याची ती स्वस्तांतली परीक्षा होय. तीच परीक्षा पंचविसाव्या वर्षीं नोकरींत शिरल्यावर दिली तर फार महाग पडते.

आतां प्रत्यक्ष मार्गदर्शन कसें चालतें तें पाहूं. चांगला मार्गदर्शक पहिल्या भेटींत फार बोलत नाहीं ; तो विचारतो. कोणत्या विषयांत गुण अधिक, हा प्रश्न तर असतोच. परंतु गेल्या सुटींत कोणीं न सांगतां कोणतें काम केलें, कोणतें काम अर्धवट टाकलें, आणि कां टाकलें, हे प्रश्न अधिक बोलके असतात. मग घरचे प्रश्न येतात. जमीन किती व तिला पाणी कोणतें, कर्ज किती, पाठचीं भावंडें काय करतात, आणि घर आणखी किती महिने याचा खर्च सोसूं शकेल ? हे प्रश्न विचारण्यास संकोच वाटतो, पण ते टाळून दिलेला सल्ला हा कागदावरचाच राहतो. बुद्धीच्या व अभिरुचीच्या छापील चाचण्याहि वापरतात. त्यांचा उपयोग आहे, पण तो वैद्याच्या थर्मामीटरइतका. थर्मामीटर ताप सांगतो. रोग कोणता हें वैद्यानेंच ओळखावयाचें असतें. शिवाय शहरी, इंग्रजी शिकलेल्या मुलांसाठीं तयार केलेली चाचणी जत किंवा माण तालुक्यांतील मुलास दिली, तर ती त्याच्या बुद्धीपेक्षां त्याच्या इंग्रजीचेंच माप घेते.

दुसरा भाग कामाच्या माहितीचा. एखादी मुलगी तासगांवकडील आहे आणि रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली आहे, अशी कल्पना करावी. तिला दोनच वाटा ठाऊक असतात : शिक्षिका व्हावें किंवा पुण्या-मुंबईच्या औषधांच्या कारखान्यांत नोकरी शोधावी. परंतु तिच्याच गांवाभोंवतीं तिचा विषय पसरलेला असतो. तासगांवचीं द्राक्षें युरोपांत जातात, तीं फवारणीच्या औषधांचे अंश मर्यादेंत आहेत असें प्रयोगशाळेनें सांगितल्यावांचून जाऊं शकत नाहींत. २००६ पासून या द्राक्षांची बागेपासून नोंद ठेवण्याची पद्धति आहे. सांगलीच्या पेठेंतील हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या हळदीची प्रत ठरवितांना तिच्यांतील कुर्कुमिनाचें प्रमाण मोजतात. साखर-कारखान्यांत गळिताच्या हंगामांत रसांतील साखर सतत तपासावी लागते, आणि त्या विद्येचे पुढील अभ्यासक्रम पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्यें आहेत. हीं सारीं कामें त्या मुलीच्या बसच्या वाटेवर असतात. तीं तिला कोणीं दाखविलेलीं नसतात, एवढेंच. म्हणून जाणता मार्गदर्शक नुसती यादी हातीं देत नाहीं. तो तिला एक दिवस प्रयोगशाळेंत पाठवितो, तेथील कामकऱ्यांशीं बोलण्यास लावतो, आणि परत आल्यावर विचारतो : पगार किती सांगितला ? काम बाराहि महिने कीं हंगामापुरतें ? पांच वर्षांनीं तेथील माणूस कोठें पोंचतो ? रात्रपाळी आहे काय, आणि रात्रीं घरीं येण्याची सोय कोणती ?

तिसरा भाग हिशेबाचा, आणि सध्यां तोच सर्वांत अवघड झाला आहे. कारण स्पर्धा-परीक्षांची ओढ. साताऱ्याच्या व सांगलीच्या खेड्यांतील शेंकडों घरांनीं आपलीं मुलें-मुली या अभ्यासासाठीं पुण्यास ठेविलीं आहेत. ही महत्त्वाकांक्षा हसण्याजोगी खासच नव्हे. सरकारी अधिकार म्हणजे काय, हें ज्या घरानें तलाठ्याच्या दारांत ताटकळत शिकलेलें असतें, त्या घराला आपलें मूल त्या खुर्चींत बसावेंसें वाटलें तर त्यांत नवल तें काय ? परंतु आंकडे पाहिलेच पाहिजेत. संघ लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेस ५,८३,२१३ उमेदवार प्रत्यक्ष बसले आणि शेवटीं १,००९ जणांची शिफारस झाली. म्हणजे दर ५७८ जणांत एक. सर्वसाधारण गटांतील उमेदवारास या परीक्षेसाठीं वयाच्या बत्तीस वर्षांची मर्यादा व सहा संधि आहेत. राज्यसेवेसाठीं तर वयाची मर्यादा ३८ वर्षांची आहे. मर्यादा लांबची, म्हणून थांबण्याचा दिवस कधींच येत नाहीं. दर वर्षीं वाटतें, थोडक्यांत हुकलें. आणि अशीं एकामागून एक वर्षें निघून जातात.

अशा वेळीं "परीक्षेचा नाद सोड" असें सांगणारा मार्गदर्शक मुलाचा विश्वास गमावतो, आणि "प्रयत्न करीत राहा" असें सांगणारा त्याचें तारुण्य गमावतो. शहाणा मार्गदर्शक तिसरी गोष्ट करतो. तो अभ्यासास लागण्यापूर्वींच एका कागदावर दोन तारखा लिहून घेतो : पहिली, कोणत्या दिवशीं आपली प्रगति तपासावयाची, आणि दुसरी, कोणत्या दिवशीं दुसरी वाट धरावयाची. ती दुसरी वाट कोणती, हेंहि त्याच कागदावर लिहिलेलें असतें. त्याच अभ्यासावर देतां येणाऱ्या बँकेच्या वा इतर खात्यांच्या परीक्षा, अध्यापनाची पदवी, घरच्या शेतमालाचा व्यापार, जें शक्य असेल तें. कागदावर मुलाची सही होते, आणि शक्य तर वडिलांचीहि. मन शांत असतांना ठरविलेली तारीख, मन खचलेलें असतांना फार उपयोगीं पडते ; आणि दुसरी वाट आधींच लिहिलेली असल्यामुळें ती धरणें हा पराभव वाटत नाहीं.

वडिलांची सही म्हटली, तिलाहि कारण आहे. पाश्चात्त्य ग्रंथांतून निवड करणारा एकटा तरुण दिसतो. आपल्याकडे निवड बहुधा घर करतें. मुलींच्या बाबतींत तर हें अधिकच खरें. मुलीनें कोठवर शिकावें, कोणत्या गांवीं नोकरीस जावें, हें अनेकदां लग्नाच्या विचारानें व बसच्या वेळापत्रकानें ठरतें. मार्गदर्शकानें घराशीं भांडण मांडून हें सुटत नाहीं, आणि घराची भीति खोटी म्हणूनहि सुटत नाहीं. वसतिगृह कोणतें, तेथें देखरेख कोणाची, त्याच गांवच्या कोणत्या मुली तेथें आहेत, हें त्यानें आईवडिलांसमोर स्पष्ट मांडावें. "पाठवूं नये" असें म्हणणारे पुष्कळ वडील वस्तुतः "आम्हांला तेथलें कांहीं ठाऊक नाहीं" एवढेंच म्हणत असतात.

जितकें काय करावें हें महत्त्वाचें, तितकेंच काय करूं नये हेंहि. मार्गदर्शकानें निर्णय स्वतः देऊं नये. कारण तो मुलाला जन्मभर वागवावयाचा असतो. खासगी शिकवणीच्या वर्गांकडे विद्यार्थी धाडून त्याचा मोबदला घेणाऱ्यास मार्गदर्शक म्हणतां येणार नाहीं, दलाल म्हणावें लागेल. विद्यार्थ्यानें सांगितलेली घरची गोष्ट बाहेर जाऊं देऊं नये. आणि मुख्य म्हणजे, ज्या धंद्याची आपणांस माहिती नाहीं, त्याविषयीं अंदाजानें बोलूं नये. ज्यास माहिती आहे त्याचें दार दाखवावें.

येथेंच सुशिक्षित नागर कुटुंबांचा या विषयाशीं संबंध येतो. ज्या घरांत तीन पिढ्या शिकल्या, त्या घरांतील मुलास असा वाटाड्या न मागतां मिळतो. एक काका अभियंता, एक आत्या डॉक्टर, शेजारीं बँकेचे अधिकारी. ही मिळकत कोणत्याहि सातबाऱ्यावर नोंदलेली नसते, पण ती फार मोठी असते, आणि जवळच्या खेड्यांतील पदवीधरापाशीं ती मुळींच नसते. भाऊरावांच्या काळीं बोर्डिंगांतील मुलांसाठीं खेडुतांनीं मूठमूठ धान्य दिलें, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरील दागिने मोडले. आज बहुतेक पदवीधरांस धान्याची वाण नाहीं. वाण आहे ती जाणत्या माणसाच्या तासाभर वेळेची. एखादा वकील, हिशेबतपासनीस, परिचारिका किंवा कारखान्यांतील अभियंता जवळच्या महाविद्यालयास आपलें नांव कळवून ठेवील, आणि वर्षांतून चार विद्यार्थ्यांस आपल्या कामाच्या जागीं एक दिवस बसवून घेईल, तर तेथील मार्गदर्शकाचें निम्मे काम होईल. पगार किती, कष्ट किती, सुरुवातीस किती वर्षें कुचंबणा सोसावी लागते, हें त्यानें लपवूं नये. घरच्या पुतण्यास जें सांगितलें असतें, तेंच त्या परक्या मुलासहि सांगावें.